नटराजाचा अर्थ जगाला सांगणारा माणूस मुळात दगडांचा अभ्यासक होता

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची प्रयोगशाळा आहे. हिग्ज बोसॉन हा कण २०१२ साली इथेच सापडला. या प्रयोगशाळेच्या आवारात दोन मीटर उंचीचा नटराज उभा आहे. भारत सरकारने २००४ साली तो भेट दिला होता. दर थोड्या दिवसांनी या मूर्तीचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि खाली मजकूर असतो की बघा, आपल्या ऋषीमुनींना क्वांटम फिजिक्स आधीच माहिती होतं.

मूर्तीजवळच्या फलकावर एक नाव कोरलेलं आहे. ते मात्र या फॉरवर्डमध्ये सहसा नसतं. ते नाव आहे आनंद कुमारस्वामी.

शिवाचा नाच म्हणजे विश्वाचं घडणं आणि मोडणं, हे आज आपण अगदी सहज बोलून जातो. शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या लोकांना ते पटेल अशा भाषेत सांगणारे हे गृहस्थ ना धर्मगुरू होते, ना शिल्पकार. त्यांची डिग्री भूगर्भशास्त्राची होती.

आनंद यांचा जन्म २२ ऑगस्ट १८७७ चा, कोलंबोचा. वडील मुथू कुमारस्वामी हे सिलोनमधले, म्हणजे आजच्या श्रीलंकेतले, बडे तमिळ वकील. लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. ख्रिश्चन किंवा ज्यू नसलेल्या माणसाला तिथे बॅरिस्टर होता आलं, असं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. पुढे ते सर झाले. वकिली सांभाळून त्यांनी राजा हरिश्चंद्राच्या कथेवरचं तमिळ नाटक इंग्रजीत आणलं आणि पालीतल्या सुत्तनिपाताचाही अनुवाद केला. आई इंग्लंडच्या केंट परगण्यातली, नाव एलिझाबेथ बीबी. (हे आडनाव आहे, गैरसमज नको.)

आनंद दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा, १८७९ साली वडील वारले. आईने मुलाला इंग्लंडमध्येच वाढवलं. शिक्षणही तिथलंच. १९०० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. दिसायला उंच, बोलायला पक्के इंग्रज, नाव तमिळ. अशा माणसाला दोन्हीकडचे लोक अर्धाच आपला समजतात. कुमारस्वामींनी जन्मभर हे अर्धेपण दोन्ही बाजूंना वाद घालण्यासाठी वापरलं.

वडिलांच्या देशात ते परतले ते दगड शोधायला. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे ते संचालक झाले. १९०४ च्या सुमारास त्यांना जड, काळ्या रंगाचं एक खनिज मिळालं. नमुने लंडनला गेले, तपासणी झाली आणि हे नवंच खनिज असल्याचं ठरलं. थोरियमचं प्रमाण प्रचंड म्हणून नाव पडलं थोरियानाइट. याच सिलोनी खनिजावर काम करताना लंडनमध्ये एका तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला नवा किरणोत्सर्गी पदार्थ सापडला. तो तरुण म्हणजे ऑटो हान. पुढे १९३८ मध्ये अणूचं विभाजन शोधणाऱ्यांपैकी एक. म्हणजे अणुविज्ञानाशी कुमारस्वामींचा खराखुरा संबंध शोधायचाच असेल तर तो सर्नच्या नटराजापेक्षा या काळ्या दगडात जास्त आहे. असो.

दगड शोधायला गावोगाव हिंडावं लागायचं. त्या फिरण्यात त्यांना काहीतरी वेगळंच दिसू लागलं. कँडीच्या राजांच्या काळापासून पिढ्यान् पिढ्या चालत आलेले सोनार, कुंभार, विणकर, हस्तिदंतावर कोरणारे कारागीर काम सोडून देत होते. बाजारात विलायती माल आला होता. गावातल्या बायका-मुलांच्या अंगावर न शोभणारे युरोपियन कपडे आले होते. १९०५ साली त्यांनी या उसन्या पोशाखावर एक छोटा लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी सिलोन सोशल रिफॉर्म सोसायटी नावाची संस्था उभी केली. आपल्याकडे समाजसुधारणा म्हटलं की जुनं टाकून नवं घ्यायचं असा अर्थ होतो. यांच्या सुधारणेत उलटं होतं, इंग्रजांची आंधळी नक्कल थांबवा.

मग त्यांनी या कारागिरीची नोंद करायचं ठरवलं. पत्नी एथेल बरोबर होती. ती फोटो काढायची, भरतकाम आणि विणकाम समजून घ्यायची. (हीच एथेल मेरे पुढे इंग्लंडमधली नावाजलेली हातमाग कलावंत झाली. नैसर्गिक रंगांवरचं तिचं पुस्तक १९१६ मध्ये आलं.) दोघं इंग्लंडला परतले, एका जुन्या चॅपलमध्ये घर केलं आणि तिथेच हातछपाईचं यंत्र बसवलं. हे यंत्र आधी विल्यम मॉरिस यांच्या छापखान्यात होतं. कारखान्याच्या मालाविरुद्ध हस्तकलेची बाजू घेणारा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे मॉरिस. त्यांच्याच यंत्रावर सिंहली कारागिरांचं पुस्तक छापलं जाणं हा योगायोग नव्हता. छपाईला सव्वा वर्षाच्या आसपास लागलं. १९०८ च्या अखेरीस काम संपलं, प्रती निघाल्या फक्त ४२५.

यानंतर खनिजं मागे पडली ती कायमची.

एका पुडिंगमुळे पेटलेला वाद

त्या काळात भारतीय कलेबद्दल युरोपात काय समज होता, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. भारतीय शाली, भांडी, दागिने, गालिचे यांचं कौतुक भरपूर होतं. पण ती कारागिरी. चित्र आणि शिल्प ही खरी उच्च कला, आणि ती भारतात नाहीच, असा सरळ निकाल लागलेला होता. चार हातांचे देव म्हणजे राक्षसी कल्पना. गांधारचे बुद्ध तेवढे चांगले, कारण त्यांच्यावर ग्रीक छाप आहे.

१९०८ मध्ये कोपनहेगनला प्राच्यविद्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. कुमारस्वामींनी तिथे नेमका हाच विषय घेतला, भारतीय कलेवरचा ग्रीक प्रभाव. त्यांचं म्हणणं असं की प्रभाव होता, पण भारतीय कलेतलं जे श्रेष्ठ आहे ते त्या प्रभावामुळे नाही. मुळात दोघांचं काम वेगळं आहे. ग्रीक शिल्पकार सुंदर माणूस घडवत होता. भारतीय शिल्पकार ध्यानात दिसलेलं रूप घडवत होता. एकाच्या मोजपट्टीने दुसऱ्याला मोजलं की दुसरा नापास होणारच.

खरा भडका उडाला जानेवारी १९१० मध्ये. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचं व्याख्यान होतं. हॅवेल हे कलकत्त्याच्या सरकारी कला महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि भारतीय कलेचे कट्टर समर्थक. अध्यक्षस्थानी होते सर जॉर्ज बर्डवुड.

हे बर्डवुड मुंबईकरांना अनोळखी असायला नकोत. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ते प्राध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते आणि भायखळ्याला राणीच्या बागेत आज जे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. भारतीय हस्तकलांवर त्यांनी १८८० साली लिहिलेलं पुस्तक आजही चाळलं जातं. म्हणजे माणूस भारताचा द्वेष्टा अजिबात नव्हता. उलट भारतीय वस्तूंवर मनापासून प्रेम करणारा होता. आणि याच माणसाने त्या सभेत सांगितलं की भारतात उच्च कला म्हणावी असं काही आपल्याला आढळलं नाही. जावाच्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचा फोटो समोर होता. चरबी घालून उकडलेलं पुडिंगसुद्धा आत्म्याच्या शांतीचं एवढंच प्रतीक ठरेल, अशा अर्थाची टिंगल त्यांनी केली.

लंडनच्या कलावर्तुळात ही पुडिंगची उपमा वाऱ्यासारखी पसरली. फेब्रुवारीच्या अखेरीस द टाइम्समध्ये तेरा जणांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. त्यात विल्यम रोथेनस्टाइन, वॉल्टर क्रेन यांच्यासारखे नावाजलेले ब्रिटिश कलावंत होते. बुद्धमूर्ती ही जगाच्या कलेतली मोठी निर्मिती आहे, असं त्यांनी जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. संस्थापकांमध्ये हॅवेल आणि कुमारस्वामी दोघंही होते.

या सोसायटीने पुढे काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रवींद्रनाथांची इंग्रजी गीतांजली १९१२ मध्ये पहिल्यांदा छापली ती याच सोसायटीने. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन क्रिस्तियाना हेरिंगहॅम आणि नंदलाल बोस यांच्यासारख्या तरुण बंगाली चित्रकारांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. त्याही १९१५ मध्ये पुस्तकरूपाने काढल्या याच सोसायटीने. एका वाईट टोमण्याने एवढं काम करून घेतलं.

संग्रह होता, म्युझियम नव्हतं

१९१० च्या अखेरीस अलाहाबादला मोठं प्रदर्शन भरलं. कलाविभाग कुमारस्वामींकडे होता. त्या निमित्ताने ते उत्तर भारत फिरले. राजस्थानात, पंजाबच्या डोंगराळ भागातल्या जुन्या संस्थानांत त्यांनी लघुचित्रं गोळा करायला सुरुवात केली. राधाकृष्ण, रागमाला, बारा महिने, वाट पाहणाऱ्या नायिका. तोवर भारतीय लघुचित्र म्हणजे मुघल, एवढीच समज होती. ही चित्रं वेगळी आहेत, त्यांना स्वतःची परंपरा आहे, हे कुमारस्वामींनी ओळखलं आणि १९१६ मध्ये दोन खंडांत राजपूत चित्रकलेवर ग्रंथ काढला. शाळेच्या पुस्तकात आपण राजपूत शैली, पहाडी शैली असं वाचतो, त्याचा पाया हा.

पायात दोष होता. मुघल चित्रकला दरबारी आणि ऐहिक, राजपूत चित्रकला हिंदू आणि आध्यात्मिक, अशी त्यांनी सरळ फाळणी केली. प्रत्यक्षात चित्रकार दोन्हीकडे ये-जा करत होते, रंग आणि हात एकमेकांकडून घेत होते. पुढे बी. एन. गोस्वामी यांनी तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांमधून चित्रकारांच्या घराण्यांचा माग काढला आणि पहाडी चित्रकलेचं चित्रच बदललं.

पण तो संग्रह अफाट होता, आणि कुमारस्वामींना तो भारतातच राहायला हवा होता. बनारसला राष्ट्रीय संग्रहालय उभारा, माझा सगळा संग्रह घ्या, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हा स्वदेशीचा काळ होता. विलायती कापडाच्या होळ्या पेटत होत्या. कुमारस्वामीही स्वदेशीचे समर्थक होते, पण त्यांची एक तक्रार होती. मँचेस्टरच्या कापडाची नक्कल मुंबईच्या गिरणीत विणली म्हणून ती स्वदेशी होत नाही. आवड परकी असेल तर माल कुठलाही असो, उपयोग काय? ही तक्रार किती खरी होती, ते त्यांच्याच संग्रहाच्या बाबतीत दिसलं. संग्रहालयासाठी पैसा उभा राहिला नाही. ना सरकारने दिला, ना राजेरजवाड्यांनी, ना देशभक्त शेठजींनी.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. भारत गुलामीत असताना ब्रिटनसाठी लढायला कुमारस्वामींनी नकार दिला. इंग्लंडमध्ये राहणं अवघड झालं. दुसरी पत्नी अॅलिस ही मूळची इंग्रज, पण काश्मीरमध्ये राहून तिने हिंदुस्थानी संगीत शिकून घेतलं होतं आणि रतन देवी या नावाने ती साडी नेसून, तंबोरा घेऊन गायची. कार्यक्रमाची पद्धत अशी की कुमारस्वामी आधी रागाबद्दल, गाण्याच्या अर्थाबद्दल बोलणार आणि मग ती गाणार. आजच्या भाषेत लेक्चर-डेमो. या कार्यक्रमांसाठी म्हणून १९१६ मध्ये दोघं अमेरिकेला गेले. संसार फार टिकला नाही, अमेरिका मात्र टिकली.

बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आशियाई कलेची परंपरा आधीपासून होती. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांनी तिथे चिनी-जपानी विभाग सांभाळला होता. १९१७ मध्ये डेन्मन रॉस या धनाढ्य संग्राहकाने कुमारस्वामींचा संग्रह विकत घेतला आणि संग्रहालयाला दिला. संग्रहाबरोबर संग्राहकही गेला. अमेरिकेत भारतीय कलेचा असा विभाग पहिल्यांदाच निघाला आणि त्याची जबाबदारी कुमारस्वामींवर आली. पुढची तीस वर्षं ते तिथेच राहिले.

कामाच्या आड येऊन त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा आशियाशी संबंध नाही पण माणूस कळतो. फोटोग्राफी ही कला आहे का, यावर तेव्हा वाद चालू होता. कुमारस्वामींच्या पुढाकाराने १९२४ मध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे २७ फोटो बोस्टनच्या संग्रहात आले. मोठ्या अमेरिकन संग्रहालयात फोटोला कलाकृती म्हणून मिळालेल्या पहिल्या जागांपैकी ही एक.

आता नटराज. त्यावरचा निबंध त्यांनी १९१२ मध्ये मद्रासच्या एका शैव नियतकालिकात लिहिला. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सनवाइज टर्न या छोट्या पुस्तकदुकानाने त्यांचे चौदा निबंध एकत्र छापले आणि पुस्तकाला नाव दिलं ते या निबंधाचं. त्यात त्यांनी मूर्तीचा एकेक अवयव उलगडला. एका हातात डमरू, म्हणजे निर्मिती. दुसऱ्या हातात अग्नी, म्हणजे संहार. तिसरा अभय देणारा. चौथा उचललेल्या पायाकडे बोट दाखवणारा, तिथे मुक्ती. पायाखाली दडपलेला बुटका म्हणजे अज्ञान. चार हात विचित्र वाटत होते ना, त्यांना प्रत्येकाला काम आहे. ज्याला युरोप राक्षसी म्हणत होता, ती मूर्ती म्हणजे पूर्ण विचार करून लिहिलेलं वाक्य आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. फ्रेंच शिल्पकार रोदँ यांनी याच रूपाचे फोटो बघून लिहिलेलं टिपण १९२१ मध्ये पॅरिसला छापलं गेलं, तेव्हा त्याच पुस्तकात कुमारस्वामीही होते.

या अर्थासाठी त्यांनी आधार घेतला तो तमिळ शैव ग्रंथांचा. आधुनिक भौतिकशास्त्राशी तुलना नंतर फ्रिट्जॉफ काप्रा यांनी १९७५ च्या पुस्तकात केली. आणि अभ्यासकांनी एक अडचणीचा मुद्दाही काढला आहे. कुमारस्वामींनी वापरलेले काही ग्रंथ चोळ काळातल्या प्रसिद्ध मूर्तींपेक्षा नंतरचे आहेत. म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकातल्या चोळ राजांना, मूर्तिकारांना, भक्तांना नटराजात नेमकं हेच दिसत होतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्यांच्या लिखाणातला सगळ्यात मोठा खड्डा मात्र वेगळाच आहे. जुन्या कारागिरांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की ज्या समाजरचनेत ते कारागीर जगत होते, तिलाही ते आदर्श ठरवू लागले. जातीला त्यांनी व्यवसायाची सुंदर विभागणी म्हणून पाहिलं. लंडनच्या समाजशास्त्रज्ञांसमोर तर त्यांनी सतीच्या आदर्शाची बाजू घेणारं व्याख्यान दिलं, ते १९१३ मध्ये छापूनही आलं. फुले-आंबेडकर वाचलेल्या वाचकाला हे पचणं शक्य नाही, आणि पचवायची गरजही नाही. कारागिराचं काम त्यांनी फार बारकाईने पाहिलं. त्या कारागिराला गावात पाणी कुठून भरावं लागतं, हे पाहिलं नाही.

बोस्टनमधल्या वर्षांत त्यांनी भारतीय आणि इंडोनेशियन कलेचा इतिहास लिहिला, यक्षांवर लिहिलं. १९२७ मध्ये बुद्धमूर्तीच्या उगमाचा जुना वाद त्यांनी पुन्हा उकरला. फ्रेंच विद्वान फूशे यांचं मत होतं की बुद्धाची पहिली मूर्ती गांधारमध्ये ग्रीक हातांनी घडली. कुमारस्वामींनी मथुरेचे दणकट यक्ष आणि तिथले सुरुवातीचे बुद्ध शेजारी ठेवले आणि विचारलं, यात ग्रीक काय आहे? हा प्रश्न आजही पूर्ण मिटलेला नाही, पण मथुरेला वगळून आता कुणालाच बोलता येत नाही.

नंतर नंतर त्यांचं लिखाण कठीण होत गेलं. एका पानावर उपनिषद, प्लेटो आणि मध्ययुगीन ख्रिस्ती संत एकत्र, आणि तळटीपा मुख्य मजकुरापेक्षा लांब. व्याख्यानांत मात्र ते थेट बोलायचे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संग्रहालयवाल्यांच्या परिषदेत त्यांनी विषय घेतला की मुळात कलावस्तू मांडून ठेवायच्याच कशाला? समोर बसलेल्या सगळ्यांचं पोट त्याच्यावर चालत होतं, स्वतः कुमारस्वामींचंही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काचेत ठेवलेली मूर्ती कधीतरी पूजेत होती, भांडं कधीतरी चुलीवर होतं. कुणी तरी ते कामासाठी बनवलं होतं. प्रेक्षक येतो, छान आहे म्हणतो आणि पुढे जातो. संग्रहालयाने त्याला वस्तूचा उपयोग आणि अर्थ सांगायला हवा. नुसती सुंदर म्हणून ती दाखवायची असेल तर न दाखवलेली बरी.

स्वातंत्र्यानंतर आठवड्याने, २२ ऑगस्ट १९४७ ला ते सत्तर वर्षांचे झाले. बोस्टनमध्ये मित्रांनी जेवण ठेवलं होतं. नोकरी सोडून भारतात परतायचं आणि उरलेलं आयुष्य हिमालयाच्या बाजूला शांतपणे काढायचं, असा बेत त्यांनी तिथे सांगितला. ९ सप्टेंबरला बोस्टनजवळ नीडहॅम इथल्या घरी त्यांचं निधन झालं.

बनारसला संग्रहालय झालं, पण ते १९२० मध्ये, रायकृष्णदास यांच्या प्रयत्नांतून. आज ते भारत कला भवन म्हणून हिंदू विद्यापीठात आहे. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय १५ ऑगस्ट १९४९ ला राष्ट्रपती भवनात सुरू झालं. कुमारस्वामींनी गोळा केलेली राधाकृष्णाची आणि रागमालांची चित्रं बोस्टनमध्येच आहेत. बऱ्याच चित्रांच्या नोंदीत रॉस-कुमारस्वामी संग्रह असं लिहिलेलं असतं आणि क्रमांक १७ ने सुरू होतो, कारण साल होतं १९१७.